मूस जॉमधलं चार बिऱ्हाडांचं घर

आम्ही २०१६ पासून रिजायनाला राहतो. मी एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, नवरा इलेक्ट्रिशियन आहे, बेल प्लेनजवळच्या पोटॅशच्या (खतासाठीच्या खनिजाच्या) खाणीत. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या या सपाट मुलखात, मूस जॉ गावात, आम्ही चार भाडेकरूंसकट एक छोटी इमारत विकत घेतली. शोधाला लागलो सप्टेंबर २०२४ मध्ये, किल्ल्या मिळाल्या १ एप्रिल २०२५ला. मधल्या सात महिन्यांत इंग्रजीतली पानंच्या पानं वाचली, पण आपल्यासारख्या नोकरदार माणसाने हे कसं केलं ते मराठीत कुठे सापडलं नाही. म्हणून तारखा आणि आकडे विसरायच्या आत लिहून काढते आहे.

आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, म्हणजे तू घरमालकीण होणार?" तिच्या आवाजात आनंदापेक्षा काळजी जास्त होती. नाशिकला पंचवटीत एका वाड्यात दोन खोल्यांत माझं बालपण गेलं. भाड्याला चार दिवस उशीर झाला की सकाळी साडेसातला नळाची चावी बंद व्हायची. आई भाड्याच्या पावत्या तारेत ओवून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगायची. कुणी काही म्हणालंच तर दाखवायला. त्यामुळे माझी धास्ती पैशांपुरती नव्हती. आपण त्या चावीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहणार, ही भीती मोठी होती.

सप्टेंबर २०२४ला बँक ऑफ कॅनडाने व्याजदर ४.२५ टक्क्यांवर आणला. जूनपर्यंत तो ५ होता. तेव्हा आम्ही पहिल्यांदा वहीत हिशेब मांडून पाहिला. रिजायनात चार घरांच्या इमारतीच्या किमती आमच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. शिवाय तिथली चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि तळघराच्या भिंती हलवते. आमच्या स्वतःच्या घराच्या तळघरात दोन भेगा आहेतच. स्विफ्ट करंट स्वस्त वाटलं, पण ते रिजायनापासून अडीच तासांवर. जानेवारीच्या हिमवादळात अडीच तास गाडी हाकत कुणाचा फुटलेला पाइप बघायला जायचं, हे आम्हाला झेपणारं नव्हतं. मूस जॉ सत्तर किलोमीटरवर, सरळ ट्रान्स-कॅनडा हायवेने, आणि नवऱ्याची खाण बरोबर मधे. वस्ती तेहतीस-चौतीस हजारांची. गावात हवाई दलाचा तळ आहे, प्रादेशिक रुग्णालय आहे, सस्कॅचेवान पॉलिटेक्निकचा कॅम्पस आहे, रेल्वे आहे. एक कारखाना बंद पडला की गाव ओस, असं तिथे नाही. छोट्या गावात घर घेणाऱ्याने घराआधी हे बघावं, असं मला वाटतं: इथली माणसं कशावर जगतात?

ऑक्टोबरमध्ये गृहकर्ज जमवून देणारा मॉर्गेज ब्रोकर गाठला. पहिल्याच बैठकीत बऱ्याच गोष्टी कळल्या. चार घरांपर्यंतची इमारत असेल तर कर्ज निवासी समजतात. पाचवं घर आलं की तो व्यावसायिक व्यवहार होतो, मग व्याज, फी, कागदपत्रं सगळंच बदलतं. चारपैकी एका घरात तुम्ही स्वतः राहणार असाल तर १० टक्के रक्कम भरूनही भागू शकतं. आम्ही राहणार नव्हतो, म्हणून किमान २० टक्के. शिवाय स्ट्रेस टेस्ट असते: तुमचा खरा दर अधिक २ टक्के, किंवा ५.२५ टक्के, यातलं जे जास्त असेल त्या दराने हप्ता झेपतो का ते तपासतात. आमच्या बँकेने येणाऱ्या भाड्याची निम्मीच रक्कम उत्पन्नात धरली. मनातल्या मनात आम्ही पूर्ण भाडं धरून बसलो होतो, त्यामुळे मंजूर झालेला आकडा ऐकून घरी येईपर्यंत दोघंही गप्प होतो.

वर्क परमिटवर असलेल्या ओळखीच्या दोघांनी मला विचारलं म्हणून इथेच सांगते. कॅनडाचे नागरिक किंवा पीआर (कायमचे रहिवासी) नसलेल्यांना निवासी मालमत्ता घ्यायला १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारचा कायदा आडवा येतो, आणि त्याची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलेली आहे. तो तीन घरांपर्यंतच्या इमारतींना लागू आहे, त्यात सवलतीही आहेत. आम्ही पीआर असल्याने आम्हाला अडचण आली नाही. तुमचं तसं नसेल तर रिअल्टरच्या (घरांच्या दलालाच्या) आधी वकिलाकडे जा.

पहिली इमारत आम्हाला नोव्हेंबरमध्ये आवडली. जाहिरातीत चार घरं, प्रत्यक्षात पाच. पाचवं तळघरात, त्यात एक तरुण मुलगा राहत होता. खोली स्वच्छ होती, पण खिडकी छताला चिकटलेली, बारीक आणि आडवी. घर तपासायला आम्ही नेलेल्या इन्स्पेक्टरने टेप लावली आणि नकारार्थी मान हलवली. झोपण्याच्या खोलीच्या खिडकीची उघडणारी जागा निदान ०.३५ चौरस मीटर हवी, आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. आग लागली तर माणूस त्यातून बाहेर पडू शकला पाहिजे म्हणून हा नियम आहे. ही खिडकी उंचीला जेमतेम तीनशे मिलिमीटर होती. नगरपालिकेत चौकशी केली तर पाचव्या घराची परवानगीच नव्हती. विकणाऱ्याचं म्हणणं, "इतकी वर्षं कुणी काही बोललं नाही." आम्ही माघार घेतली. इन्स्पेक्शनचे ८५० डॉलर गेले. मला त्याचं दुःख झालं नाही. गाडीत बसल्यावर मात्र त्या मुलाची गादी डोळ्यांसमोरून हलेना, बरोबर खिडकीखाली घातलेली.

म्हणून सांगते, ऑफर देण्याआधी नगरपालिकेला ईमेल करून विचारा की या पत्त्यावर किती घरांची कायदेशीर नोंद आहे. आम्हाला दोन दिवसांत उत्तर आलं होतं, आणि तो ईमेल पुढे बँकेलाही उपयोगी पडतो.

डिसेंबर नुसताच गेला. बाजारात काही नव्हतं, आणि मी जादा पाळ्या घेत होते. नाशिकच्या एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या) खात्यातली बारा लाखांची ठेव मोडून इकडे आणायची असं त्याच महिन्यात ठरलं. त्यासाठी तिकडच्या चार्टर्ड अकाउंटंटचं १५सीबी हे करासंबंधीचं प्रमाणपत्र लागलं, ते घेऊन आयकर खात्याचा १५सीए फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग बँकेचे फॉर्म. माझ्या सहीत आणि बँकेकडच्या जुन्या सहीत फरक आला म्हणून एकदा सगळं परत आलं. सुरुवात ६ जानेवारीला केली, पैसे इथे पोचले २४ फेब्रुवारीला. इथल्या बँकेने डाऊन पेमेंटच्या प्रत्येक डॉलरचा नव्वद दिवसांचा माग मागितला: ठेवीची पावती, मोडल्याचा दाखला, एनआरओ खात्याचे उतारे. पैसे भारतातून आणणार असाल तर घर सापडायच्या आधीच हे काम सुरू करा. आम्ही उशीर केला, आणि फेब्रुवारीत पंधरा दिवस तोच घोर लागला होता.

आताची इमारत बघितली ११ जानेवारी २०२५ला. त्या दिवशी उणे ३१ होतं. रिअल्टर बाई म्हणाल्या, "अशा थंडीत घर बघायला कुणी येत नाही." मला तर वाटतं, या मुलखात घर अशाच थंडीत बघावं. कुठल्या खिडकीवर आतून बर्फ साचलाय, कुठली भिंत हाताला गार लागते, छपराच्या कडेला बर्फाच्या सळया कुठे लोंबतायत, हे जुलैत कळत नाही. इमारत १९६८ची. दोन घरं अर्धी जमिनीत, दोन वर. मागे चार गाड्यांची जागा, प्रत्येक जागेपाशी खांबावर गाडीचं इंजिन गरम ठेवायचा प्लग. नवऱ्याने खिशातून टेस्टर काढून चारही तपासले. तिसरा बंद होता. ज्या भाडेकरूची ती जागा होती त्याने वरच्या खिडकीतून लांबच लांब वायर सोडली होती. मी वहीत पहिली नोंद तीच केली.

मागितलेली किंमत ३,८९,००० होती. शनिवारी १८ जानेवारीला आम्ही ३,७०,०००ची ऑफर दिली, २१ला ३,८०,०००वर जमलं. दहा हजार डॉलर रिअल्टरच्या कंपनीच्या ट्रस्ट खात्यात भरले. अटी चार टाकल्या: कर्ज, इन्स्पेक्शन, विमा, आणि सगळे भाडेकरार व डिपॉझिटच्या नोंदी आमच्या समाधानाप्रमाणे मिळणं. अटींची मुदत ७ फेब्रुवारी. शेवटची अट रिअल्टर बाईंना थोडी अनावश्यक वाटली होती. त्याच अटीने आम्हाला तारलं.

इन्स्पेक्शन २८ जानेवारीला झालं. भाडेकरूंना चोवीस तास आधी लेखी सूचना गेली होती. इन्स्पेक्टर साठीचा, शांत माणूस, गुडघ्यांना पट्टे बांधून आलेला. चार तास लागले, त्यातले दीड तास तो बॉयलरच्या खोलीत होता. मी त्याच्या मागे मागे फिरत होते. त्याने बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपी धरली, तेव्हा जमिनीपासून वीतभर उंचीवर मला एक पांढरी रेघ दिसली, मीठ फुटल्यासारखी. तो म्हणाला, "इथवर कधीतरी पाणी आलंय. कधी आलं ते विचारा." खाली मधोमध लोखंडी टेकू होते, वरच्या टोकाला स्क्रू असलेले. माती हलली की स्क्रू फिरवून तुळई परत पातळीत आणतात. एकाचा स्क्रू जवळजवळ संपत आला होता, तीन व्यवस्थित. बॉयलर २०११चा, त्याच्या मते अजून दहा वर्षं चालेल. मग त्याने एका घरातल्या स्विचबोर्डाचं झाकण उघडलं आणि नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने आधीच मान डोलावली होती. ॲल्युमिनियमच्या वायरी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि सत्तरच्या सुरुवातीला तांबं महाग झालं म्हणून त्या सर्रास वापरल्या. वायर स्वतः वाईट नसते, पण जोडाच्या जागी ती सैल पडते, तापते, आणि आग तिथेच लागते.

धुराचे अलार्म चार घरांत मिळून दोन. प्लास्टिक पिवळं पडलेलं, पाठीमागे २००९ छापलेलं. कार्बन मोनॉक्साइडचा एकही नाही. सस्कॅचेवानमध्ये १ जुलै २०२२ पासून सगळ्या राहत्या इमारतींत दोन्ही अलार्म सक्तीचे आहेत, इमारत कितीही जुनी असो. गॅसचा बॉयलर आणि त्याच्या बरोबर वर झोपणारी माणसं. मला ते ऐकून कसंतरी झालं. त्याच संध्याकाळी दुकानातून चार अलार्म आणले आणि विकणाऱ्याच्या परवानगीने दुसऱ्या दिवशी लावून आले. घर आमचं झालं नसतं तरी ते तिथे राहिले असते.

सांडपाण्याच्या पाइपमध्ये कॅमेरा सोडायला ३४१ डॉलर लागले, आणि सगळ्या खर्चात हा मला सर्वात वसूल वाटतो. जुना मातीचा पाइप. पडद्यावर आधी नुसता काळा बोगदा, मग साधारण अकरा मीटरवर केसांचा पुंजका लोंबावा तशी मुळं. समोरच्या एल्मच्या झाडाची. पांढरी रेघ कुठून आली ते तिथे कळलं. मुळं कापून घ्यायला दरवर्षी ४८० डॉलर, नाहीतर कधीतरी पाइप बदलायला नऊ-दहा हजार. या दोन्ही अहवालांच्या जोरावर आम्ही किंमत ३,७२,५००वर आणली. साडेसात हजारांत सगळं भागणार नव्हतं, पण विकणारा त्याच्या पलीकडे जाईना, आणि आम्हाला इमारत हवी होती.

विमा हे सगळ्यात मोठं डोकेदुखीचं काम निघालं. ॲल्युमिनियम म्हटल्यावर दोन कंपन्यांनी सरळ नकार दिला. तिसरी तयार झाली, पण अट घालून: ताबा मिळाल्यापासून साठ दिवसांत प्रत्येक जोडाला तांब्याची शेपटी (तांब्याच्या वायरीचा छोटा तुकडा) लावून परवानाधारक कंत्राटदाराचं पत्र द्यायचं. नवरा हे काम डोळे मिटून करू शकतो. पण भाड्याच्या इमारतीत परमिट कंत्राटदाराच्या नावेच हवं, म्हणून ३,९०० मोजावे लागले. वार्षिक हप्ता ४,२०० आणि त्यावर ६ टक्के पीएसटी. इथे घराच्या विम्यावरही प्रांतिक कर असतो हे आमच्या हिशेबात नव्हतंच. विम्याची विचारणा ऑफर दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू करा. विमा नाही तर कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर दहा हजारांचं डिपॉझिट टांगणीला.

आता भाडेकरारांचं. विकणाऱ्याने एक पानी यादी पाठवली: चार नावं, चार भाडी, चार डिपॉझिट. लेखी करार दोघांचेच. उरलेले दोघं जुने, तोंडी बोलीवर राहणारे. आमच्या वकीलबाईंनी सांगितलं की तोंडी करारही इथे करारच असतो. प्रांताच्या भाडेकायद्यातल्या प्रमाणित अटी त्याला आपोआप लागू होतात. इमारत विकली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, आणि त्याचं डिपॉझिट परत करायची जबाबदारी नव्या मालकावर येते. जुन्या मालकाने ते तुमच्याकडे वळतं केलं नसेल तर पदरचं घालायचं.

म्हणून त्यांनी एक साधा कागद तयार केला: तुम्ही कधीपासून राहता, भाडं किती, त्यात काय काय समाविष्ट, डिपॉझिट किती दिलं. प्रत्येक भाडेकरूने भरून सही करायची. ३ फेब्रुवारीला मी तो घेऊन चारही दारांवर गेले. तिघांचं यादीशी जुळलं. खालच्या डाव्या घरात एक निवृत्त बाई राहतात, सत्तरीच्या पुढच्या, आधी शाळेत स्वयंपाक करायच्या. २०१४ पासून तिथे आहेत. यादीत त्यांचं डिपॉझिट ३६२.५० डॉलर होतं. त्या म्हणाल्या, "नाही, मी ७२५ दिलेत." आणि कपाटावरून बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा काढला. आत जुनी बिलं, नातवाची चित्रं, आणि रबरबँडमध्ये गुंडाळलेल्या भाड्याच्या पावत्या, अकरा वर्षांच्या. सगळ्यात खाली दोन पावत्या ३६२.५०च्या. एक १ मे २०१४ची, दुसरी १ जुलैची. मला आईची तार आठवली आणि क्षणभर अक्षरं धूसर झाली.

कायदा नेमका तसाच आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त एक महिन्याचं भाडं. निम्मं राहायला येताना, उरलेलं दोन महिन्यांच्या आत. विकणाऱ्याच्या वहीत दुसरा हप्ता चढलाच नव्हता. त्याला फोटो पाठवले. त्याने आधी काही दिवस उत्तरच दिलं नाही, मग मान्य केलं. रक्कम छोटी आहे. पण आम्ही यादीवर विश्वास ठेवून सही केली असती, तर काही वर्षांनी त्या बाई घर सोडताना मीच त्यांना म्हटलं असतं, "तुमचे एवढेच आहेत." त्या खऱ्या असताना.

बँकेचा मूल्यांकनकर्ता ४ तारखेला येऊन गेला, किंमत ३,७५,००० आली. ७ फेब्रुवारीला संध्याकाळी आमच्या चारही अटी पूर्ण झाल्याचं लिहून दिलं, म्हणजे व्यवहार पक्का झाला. सही केली त्या रात्री कामावर एका आजोबांना औषध देताना माझा हात थरथरत होता. त्यांनीच विचारलं, "थंडी वाजतेय का पोरी?"

मार्च कागदांत गेला. कर्जाचा व्याजदर पाच वर्षांसाठी ४.९४ टक्के पक्का केला. १२ मार्चला बँक ऑफ कॅनडाने दर २.७५वर आणला तेव्हा ओळखीचे म्हणाले, थांबायला हवं होतं. मला रात्री झोप येणारा हप्ता हवा होता, तो मिळाला. २४ मार्चला वकिलांकडे सह्या झाल्या. सस्कॅचेवानमध्ये जमीन हस्तांतराचा वेगळा मोठा कर नाही, पण मालकी हक्काच्या नोंदणीला किमतीच्या ०.४ टक्के शुल्क आहे, आमचे १,४९० झाले. वकील, टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा), किरकोळ खर्च मिळून २,१८०. हिशेबाच्या तक्त्यात एक गोष्ट नीट बघा: मालमत्ता कर वर्षाचा असतो, आणि जानेवारी ते मार्चचा वाटा विकणाऱ्याने तुम्हाला द्यायचा असतो. आम्ही त्यासाठी २०२४चं बिल धरलं नाही, कारण २०२५ हे फेरमूल्यांकनाचं वर्ष होतं. इथे दर चार वर्षांनी ते होतं. वकीलबाईंनी नवीन बिल आल्यावर फरक मिटवायचं कलम टाकून घेतलं.

पूर्ण आकडे देते, कारण मला कुणी दिले नव्हते. डाऊन पेमेंट ७४,५००. शुल्क, वकील, इन्स्पेक्शन, कॅमेरा, मूल्यांकन धरून ताब्याच्या दिवसापर्यंत ८०,०८६. नंतर वायरिंग, मुळं, अलार्म यांचे ४,८००. शिवाय दहा हजार वेगळ्या खात्यात, ज्याला हात लावायचा नाही. महिन्याला चारही घरांचं भाडं मिळून ३,७५०. हप्ता १,७२३, कर ४७०, विमा ३७१, गॅस-पाणी-जिन्यातले दिवे सरासरी ५९५, बर्फ आणि गवत १२०. दुरुस्ती आणि रिकाम्या महिन्यांसाठी दहा टक्के बाजूला काढले की शंभर डॉलरही उरत नाहीत. दर महिन्याला कर्जाची मुद्दल कमी होते, ती खरी कमाई. पहिल्याच वर्षी पगार सोडायचा विचार करून कुणी यात उतरू नये. आणि करासाठी पहिल्या दिवसापासून वेगळं बँक खातं ठेवा. भाड्याच्या उत्पन्नाचा टी७७६ हा कराचा फॉर्म भरताना तेच खातं तुमचं हिशेबाचं पुस्तक होतं. मुद्दल वजा करता येत नाही, व्याज येतं. इमारतीचा ४ टक्के घसारा घेता येतो, पण त्याने तोटा दाखवता येत नाही, आणि विकताना तो परत उत्पन्नात येऊ शकतो. तो घ्यायचा की नाही हे अकाउंटंटला विचारून ठरवा.

भाडं वाढवायचं का, असं सगळ्यांनी विचारलं. सस्कॅचेवानमध्ये भाडं किती वाढवावं यावर मर्यादा नाही. महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्याला बारा महिने आधी सूचना द्यावी लागते, प्रांताच्या घरमालक संघटनेचे सभासद असाल तर सहा महिने. आम्ही पहिल्या वर्षी काहीच करायचं नाही असं ठरवलं. आधी इमारतीचा एक हिवाळा बघायचा.

१ एप्रिलला मी रात्रपाळी संपवून झोपलेच नाही. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वकिलांच्या ऑफिसातून फोन आला, पैसे पोचले. चारच्या सुमारास गावाच्या वेशीवर हायवेलगतचा मूसचा (सांबरासारख्या मोठ्या प्राण्याचा) दहा मीटर उंच पुतळा दिसला. पाकिटात अकरा किल्ल्या होत्या, त्यातल्या तीन कुठल्याच कुलपाला लागल्या नाहीत. नवरा बंद प्लगच्या खांबाकडे गेला, मी पत्रं घेऊन दारोदार. पत्रात आमचं नाव, पत्ता, फोन, भाडं कुठे पाठवायचं, आणि आहे तेच करार चालू राहतील हे लिहिलं होतं.

खालच्या डाव्या घरातल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, "हीट आणि पाणी भाड्यातच राहणार ना? आधीचे मालक म्हणायचे, नवीन माणूस येईल तो बंद करेल."

मी म्हटलं, राहणार.

त्या नुसत्या बघत राहिल्या. मी पत्र परत मागून घेतलं, त्यांच्याच ओट्यावर ठेवलं आणि खाली हाताने लिहिलं: हीटिंग आणि पाणी भाड्यात समाविष्ट आहे, तुम्ही इथे राहता तोवर. तारीख घातली, सही केली. त्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली, कागदाची चौपदरी घडी घातली आणि निळा डबा काढायला कपाटाकडे वळल्या.